बारा डब्यांचे चौतीस झाले तेव्हा: कर्वेनगरच्या एका घरगुती डबा व्यवसायाचा प्रकरण अभ्यास

पुण्यात घरून डबे देणाऱ्या घरांत ज्या अडचणी पुन्हापुन्हा दिसतात, त्या इथे एकाच घरात आणून मांडल्या आहेत. भाव आणि मजुरी हिशोबापुरती धरलेली आहे. आपल्या गावचे आकडे घालून गणित पुन्हा करावं. वजनं, मापं आणि वेळा मात्र कुठल्याही स्वयंपाकघरात थोड्याफार फरकाने लागू पडतील.

घर कर्वेनगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर ८ बाय ७ फुटांचं, तीन बर्नरची शेगडी, साधा दोन दारांचा फ्रिज. काकू (गिऱ्हाइकं त्यांना काकूच म्हणतात) दुपारच्या जेवणाचे १२ डबे देत होत्या. चार घरी एकटी राहणारी म्हातारी माणसं, बाकी नोकरी करणारी जोडपी, सगळी दहा मिनिटांच्या अंतरात. डब्यात चार घडीच्या पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा पातळ भाजी, आमटी किंवा वरण, भात, शिवाय कोशिंबीर किंवा लोणचं. रविवार बंद. दर डब्याला ६५ रुपये, कारण शेजारच्या सोसायटीतला डबा ७० ला होता. पोळ्या काकू स्वतः लाटायच्या, डबे काका ऑफिसला जाता जाता पोचवायचे.

महिन्याचे २६ दिवस धरले तर १२ डब्यांचे २०,२८० रुपये जमत. सामानाचा खर्च डब्यामागे ४० रुपये. म्हणजे डब्यामागे २५ आणि महिन्याला ७,८०० सुटतात, असं वहीत दिसत होतं. घरातल्या घरात, कुणाची चाकरी न करता. मग एका ओळखीच्या ग्रुपवर जाहिरात गेली आणि तीन आठवड्यांत डबे ३४ झाले. नवीन गिऱ्हाइकं कर्वेनगरची होती तशी वारज्याची होती, कोथरूड डेपोची होती, तीन तर एरंडवण्याची. काकूंनी कुणाला नाही म्हटलं नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक परत पाठवणं फार जड जातं, पण या प्रकरणातली पहिली चूक तीच.

दीड महिन्यात काय काय घडलं? शेवटचा डबा दोन वाजून गेल्यावर पोचू लागला. एका गुरुवारी पाच घरांतून उसळीला आंबूस वास येत असल्याचे फोन आले. पोळ्या खालच्या बाजूने ओल्या, भेंडीची भाजी चिकट. आणि महिनाअखेर पाकिटात पैसे उरलेच नाहीत, उलट घरखर्चातून भर घालावी लागली. चवीबद्दल तक्रार एकाचीही नव्हती.

पैशाचं आधी पाहू, कारण ती गाठ सगळ्यात लवकर सुटते.

१२ डब्यांना काकूंचे हात आणि काकांची स्कूटर फुकट होती. ३४ ला ती पुरत नाहीत. ३४ डबे म्हणजे १३६ पोळ्या. लाटणं आणि भाजणं दोन्ही एकाच बाईने केलं तर सरावाचा हात तासाला ५० ते ६० पोळ्या काढतो. १३६ ला सव्वादोन ते पावणेतीन तास. तेवढा वेळ काकू तव्यासमोर अडकल्या तर बाकीचा स्वयंपाक कोण करणार? म्हणून पोळ्यांना मावशी ठेवल्या, पोळीला अडीच रुपये. डबे पोचवायला एक मुलगा ठेवला, दिवसाला ३००. भांड्यांच्या बाईचे २,००० वाढले. गॅसचा खर्च ३,३०० वर गेला.

आता ८८४ डब्यांचा महिना मांडा. ६५ च्या दराने येणे ५७,४६०. सामान ३५,३६०, पोळ्या ८,८४०, पोचवणी ७,८००, गॅस ३,३००, भांडी २,०००. बेरीज ५७,३००. हातात १६० रुपये. त्यात रोज सरासरी तीन खाडे, तेही सकाळी नऊ वाजता "काकू, आज खाडा" अशा मेसेजने कळवलेले, म्हणजे भाजी चिरून झाल्यावर. खाड्याचे पैसे कापून घ्यायची सवय सगळ्यांना मेसमधून लागलेली. ७८ डब्यांचे ५,०७० रुपये येण्यातून गेले, सामान मात्र खर्च झालेलंच. महिना ४,९१० रुपयांनी तुटीत.

डबे तिप्पट झाले म्हणून तोटा आला, असं काकूंना वाटलं. खरं म्हणजे तोटा १२ डब्यांनाही होताच; तो काकूंच्या आणि काकांच्या अंगावर पडत होता म्हणून वहीत दिसत नव्हता. दर ठरवताना पोळी लाटणाऱ्या हाताची आणि डबा पोचवणाऱ्या पायाची मजुरी पहिल्या दिवसापासून धरायला हवी, हात घरचे असले तरी. नंतर दर वाढवणं फार अवघड जातं.

सामानाचे ४० रुपये कसे येतात तेही पाहा. पोळीला ३३ ग्रॅम पीठ, चार पोळ्यांना १३२ ग्रॅम, दळणासकट ४५ रुपये किलोने ६ रुपये. तांदूळ ६० ग्रॅमचे ४ रुपये, तूरडाळ २५ ग्रॅमचे ४. सुक्या भाजीसाठी बाजारातून आणलेली १३० ग्रॅम भाजी ८, कडधान्य ४० ग्रॅम ५. पोळ्यांना लावायचं आणि फोडण्यांचं मिळून २५ ग्रॅम तेल ४ रुपये. मसाला, गूळ, चिंच, खोबरं, दाण्याचा कूट, कोथिंबीर मिळून ५. कोशिंबीर किंवा लोणचं ४. यात भाजीचा आकडा सगळ्यात फसवा. ४० रुपये किलोचा फ्लॉवर स्वस्त वाटतो, पण दांडे आणि पाला काढल्यावर किलोतला ६०० ग्रॅम हातात येतो. म्हणजे साफ फ्लॉवर ६७ रुपये किलो पडला. ६० रुपयांची भेंडी देठ-टोकं काढून ६८ ला पडते. दोन्ही सारख्याच. मटारच्या शेंगांचं तर निम्म्याहून जास्त वजन सालींत जातं. म्हणून आठवड्याचा बेत ठरवताना भाजीचा भाव निवडून-चिरून झालेल्या वजनावर काढायचा आणि महाग-स्वस्त भाज्या आलटूनपालटून लावायच्या.

आता त्या गुरुवारकडे येऊ. पैशाचा तोटा भरून काढता येतो. पण एखाद्या सत्तरीच्या आजोबांना आपल्या डब्याने उलट्या झाल्या तर ते कशानेच भरून येत नाही. म्हणून हा भाग घड्याळ लावून तपासणं भाग आहे.

त्या दिवशी मटकीची उसळ होती, ओल्या नारळाच्या वाटणाची. दिवस एप्रिलचे. उसळ सकाळी साडेआठला झाली. पोळ्यांना वेळ लागणार म्हणून भाजी, आमटी, भात सगळं आधी उरकून ठेवलं जायचं. भात नऊला तयार. सव्वाअकराला डबे भरले, अकरा चाळीसला मुलगा निघाला. शेवटचा डबा दोन वाजून सात मिनिटांनी पोचला आणि तिथल्या ताईंनी अडीचला उघडला. उसळ चुलीवरून उतरल्यापासून सहा तास, भात साडेपाच तास.

शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तोवर त्यात जंतू फारसे वाढत नाहीत. मधल्या पट्ट्यात ते भराभर वाढतात, आणि स्टीलच्या डब्यातला पदार्थ तासा-दीड तासात त्या पट्ट्यात येतो. ओल्या नारळाचं वाटण आधीच नाजूक. ते घातल्यावर उसळीला खळखळून उकळी आली नाही, नुसती वाफ निघाली की गॅस बंद केला, तर वाटणातले जंतू तसेच राहतात. मग आंबूस वास, आणि आणखी वेळ गेला तर तार सुटते. कांदा-टोमॅटोच्या वाटणाचंही तेच, जरा सावकाश.

आंबलेली उसळ निदान नाकाला कळते. भाताचं तसं नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू तग धरतात आणि भात कोमट झाला की पुन्हा वाढू लागतात. त्यांचं उलट्या करणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. वास येत नाही, रंग बदलत नाही. म्हणून भात सगळ्यात शेवटी शिजला पाहिजे, आणि कालचा उरलेला भात गिऱ्हाइकाच्या डब्यात कुठल्याही रूपात जाता कामा नये, फोडणीचा करूनही नाही.

डबा उशिरा का पोचत होता? मुलगा रेंगाळतो असं काकूंचं मत होतं. त्याच्याबरोबर एक दिवस फेरी मारून वेळ लिहून काढली तेव्हा चित्र निराळं निघालं. गाडी लावणं, जिना किंवा लिफ्ट, बेल, भरलेला डबा देणं, रिकामा घेणं: एका दाराला सरासरी तीन मिनिटं. ३४ दारांना १०२ मिनिटं नुसती दारातच जातात. रस्त्यावरची ४५ मिनिटं धरून दोन तास सत्तावीस मिनिटं. तो रेंगाळत नव्हता, गणितच तेवढं होतं. एरंडवण्याच्या तीन डब्यांसाठी जाऊन-येऊन वीस मिनिटं जात, आणि त्यांच्यामागे रांगेत असलेल्या प्रत्येकाचं जेवण तेवढंच लांबत होतं.

पोळ्या ओल्या होण्याचं कारणही घाईच. तव्यावरची पोळी सरळ डब्यात, एकावर एक. वाफेला वाट नाही, ती खालच्या पोळीत मुरते. भेंडीचं म्हणाल तर साडेतीन किलो भेंडी एकाच कढईत ढीग करून परतली जात होती. तळची भेंडी परतते, वरची आपल्याच वाफेवर शिजते आणि तार धरते. थोड्या प्रमाणातला पदार्थ तिप्पट करताना सामान तिप्पट घेता येतं, कढईचा तळ तिप्पट होत नाही.

दुरुस्तीची सुरुवात डबे कमी करण्यापासून झाली. वारजे, एरंडवणे आणि कोथरूड डेपोकडच्या गिऱ्हाइकांना महिनाअखेरपर्यंत डबा देऊन, उरलेले पैसे परत करून, नम्रपणे निरोप दिला. कर्वेनगरातली १६ घरं ठेवली. जवळच्या मुलींच्या हॉस्टेलमधून आठ डबे घेतले, दोन महिन्यांनी तिथलेच सोळा झाले. सोळा डबे, पण दार एकच: तळमजल्यावर टेबल, त्यावर क्रेट ठेवायचं, कालचं रिकामं उचलायचं, दहा मिनिटं. १६ घरांची ४८ मिनिटं, हॉस्टेलची १०, रस्त्याची २०. साडेअकराला निघालेला मुलगा पावणेएकच्या सुमारास मोकळा. मुक्काम कमी झाले म्हणून त्याच्याशी बोलून रोज २०० ठरले. तो दुपारी दुसरं काम धरू शकला, त्यामुळे त्याचीही ना नव्हती.

बत्तीस डब्यांचा दिवस आता असा बसला आहे. खाडा आदल्या रात्री आठच्या आत कळवायचा. सव्वाआठला आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि तिथून पुढचं प्रत्येक माप त्या आकड्याने गुणून निघतं. रात्री गवार, फरसबी, कोबी चिरून फ्रिजमध्ये. भेंडी फक्त धुऊन, पुसून, पसरून ठेवायची, चिरायची सकाळी. मटकी आदल्या सकाळी भिजवलेली, संध्याकाळी फडक्यात बांधलेली. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड पुरेसे येतात, जास्त ठेवली तर बुळबुळीत होते आणि वास धरते.

सकाळी साडेसहाला डाळीचा कुकर. ८०० ग्रॅम तूरडाळ; कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, डाळ फेसाळून शिट्टीत अडकते. शिजलेली डाळ आणि दीड-पावणेदोन लिटर गरम पाणी मिळून सव्वाचार लिटर आमटी होते, डब्याला १२० मिलिने बत्तीस पुरून थोडी उरते. आठच्या सुमारास सव्वाचार किलो कणीक, अडीच लिटर पाणी, १२० मिलि तेल आणि चार चमचे मीठ, परातीत दोन खेपांत मळून अर्धा तास झाकून. रात्री मळलेली कणीक उन्हाळ्यात काळी पडते, पोळीला आंबट झाक येते, म्हणून ती सवय सोडली. मावशी सव्वानऊला येतात. त्या लाटतात, दुसरी बाजू काकू किंवा त्यांची सून धरते आणि भाजते. दोन माणसांत तासाला नव्वदच्या आसपास पोळ्या होतात. १२८ पोळ्या पावणेअकराच्या आत. पहिले दोन दिवस गोळे काट्यावर तोलले, ५० ग्रॅमचा एक. तिसऱ्या दिवसापासून मावशींच्या हातालाच ते वजन बसलं. तव्यावरची पोळी आधी जाळीवर मिनिटभर, मग सुती फडकं घातलेल्या डब्यात; चार चारचे गठ्ठे पोळ्या पूर्ण निवल्याशिवाय बांधत नाहीत.

भाजी दोन रुंद कढयांत, थर दोन इंचांपेक्षा जाड नाही. भात सव्वादहाला लावायचा: १.९ किलो तांदूळ, सव्वाचार लिटर पाणी. पावणेअकराला झाकण उघडलं की सव्वापाच किलो भात. त्याच वेळी उसळ आणि आमटी पुन्हा खळखळून उकळायची, उकळी आल्यावर निदान दोन-तीन मिनिटं. मार्च ते जून ओल्या नारळाचं वाटण बंद. त्याजागी भाजलेलं सुकं खोबरं आणि दाण्याचा कूट. दह्याची कोशिंबीरही त्या दिवसांत बंद, गरम भाताशेजारच्या कप्प्यात ती तासाभरात आंबते. खमंग काकडी चालते, पण काकडी चोचवून पाणी पिळून टाकायचं आणि मीठ भरतेवेळीच घालायचं, नाहीतर खालचा कप्पा पाण्याने भरतो.

भरणं अकराला. सगळे डबे रांगेत, एक पदार्थ सगळ्या डब्यांत घालून मग दुसरा. आमटीला १२० मिलिचा एकच डाव (पाणी भरून मोजलेला), भाताला १६० ग्रॅमची वाटी हलकी दाबून, सुकी भाजी ९० ग्रॅम. अंदाजपंचे वाढलं की शेवटच्या चार डब्यांना आमटी कमी पडते, आणि कमी नेहमी त्याच चार घरांना पडते कारण रांग रोज तीच असते. प्रत्येक पदार्थाची एक वाटी, झाकून आणि तारीख लिहून, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. तक्रार आली तर ती वाटी काढून पाहता येते. बिघाड स्वयंपाकघरातला की डबा उघडा राहिल्याचा, हे तिथे कळतं.

डब्यांवर पत्ता लिहीत नाहीत. झाकणावर ऑइलपेंटने दोन आकडे: पहिला फेरीतला मुक्काम, दुसरा डब्याचा. "५/९" म्हणजे पाचवा मुक्काम, नववा डबा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच काम करत आले आहेत आणि झाकणावरच्या खुणांवरच त्यांचे डबे ठरलेल्या इमारतीत, ठरलेल्या मजल्यावर पोचतात. इतक्या लहान फेरीलाही खूण लागतेच, कारण मुलगा एक दिवस येत नाही आणि काकांना फेरी मारावी लागते.

डब्यांचे दोन संच लागतात, एक गिऱ्हाइकाकडे, एक घरी. ३२ ला ६४ आणि वर सहा जास्तीचे, कारण झाकणं हरवतात, कडी वाकते. तीन कप्प्यांचा डबा ३५० रुपये धरला तर ७० डब्यांचे २४,५००. सुरुवातीची सगळ्यात मोठी रक्कम हीच; म्हणूनही डबे टप्प्याटप्प्याने वाढवावेत. प्लास्टिकच्या डब्या स्वस्त वाटतात, पण महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिक आणि थर्माकोलच्या भांड्यांवर बंदी आहे. त्यात गरम आमटी भरणं योग्यही नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ घरगुती डब्यांनाही लागू आहे. छोट्या व्यावसायिकाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) फॉसकॉस या पोर्टलवर नोंदणी करायची असते: फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि मिळतो तो १४ अंकी क्रमांक. २०११ च्या नियमावलीत ही नोंदणी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी आणि वर्षाला १०० रुपये शुल्काने होती. मर्यादा आणि शुल्क बदलू शकतं, अर्जाच्या दिवशी पोर्टलवर पाहून घ्यावं. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणं नियमाबाहेर आहे. काकू १२ डब्यांपर्यंत तोच वापरत होत्या आणि असं बहुतेक घरांत चालतं, पण चालतं म्हणून बरोबर होत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वेगळ्या जोडणीवर घ्यावा लागतो. बत्तीस डब्यांना तो पंधरा-सोळा दिवस पुरतो. सोसायटीच्या कमिटीला एक पत्र आधीच द्यावं. लिफ्टमधल्या क्रेट्सवरून आणि सकाळच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून पुढे वाद होतात, तेव्हा आधी विचारलेलं असलं तर बोलणं सोपं जातं.

नवा दर घरांना ८०, हॉस्टेलला ७५, कारण तिथे पोचवणी स्वस्त पडते. पैसे २६ डब्यांचे आगाऊ. महिन्याला चार खाडे मान्य, रात्री आठच्या आत कळवलेले. त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, डबे पुढच्या महिन्यात सरकतात. जुन्या बारा घरांपैकी दोन घरं दरामुळे सुटली. काकूंना फार लागलं, त्यातल्या एका आजी पहिल्या दिवसापासूनच्या होत्या. त्यांना दोन पोळ्यांचा लहान डबा ६० ला सुचवायला हवा होता असं आम्हाला वाटतं. म्हाताऱ्या माणसांना चार पोळ्या जातही नाहीत, आणि असा डबा आज पुण्यात फार कमी जण देतात.

३२ डब्यांचा महिना: येणे ६४,४८०. सामान ३३,२८०, पोळ्या ८,३२०, पोचवणी ५,२००, गॅस ३,२००, भांडी २,०००, डबे-पिशव्या-दुरुस्ती १,५००, नासाडीसाठी बाजूला १,०००. खर्च ५४,५००, शिल्लक ९,९८०. काकूंचे दिवसाला सात तास, बाजारहाट आणि रात्रीची तयारी धरून; म्हणजे तासाला ५५ रुपयांच्या जवळपास. आकडा मोठा नाही. जाहिरातींतून घरबसल्या लाखाच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्यापुढे तर नाहीच. पण यात बाहेरच्या प्रत्येक हाताची मजुरी दिलेली आहे.

शिवाय हा महिना बारांनी गुणायचा नाही. गणपतीत आणि दिवाळीत हॉस्टेल आठ-दहा दिवस रिकामं होतं, परीक्षा संपली की मे महिना निम्मा जातो. आषाढी एकादशीला आणि संकष्टीला खाडे एकदम येतात. काकूंनी त्या दिवसांसाठी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि भगर असा उपासाचा डबा आठवडाभर आधी विचारून सुरू केला. खाड्यांतले निम्मे तरी त्यामुळे वाचतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात असते, त्यांचे कप्पे आधी भरतात, मग उसळीत लसणाची फोडणी वरून पडते.

अ‍ॅपवरून डबे विकायचा विचारही झाला होता. तिथे ऑर्डर कधी येईल ते ठरलेलं नसतं आणि डबा एका वेळच्या पॅकिंगमध्ये जातो. कमिशन आणि पॅकिंग जाऊन ८० रुपयांच्या जेवणात काही उरत नाही. महिन्याच्या डब्याला ते माध्यम सोयीचं नाही. रविवारच्या पुरणपोळ्या किंवा थालीपिठं वेगळ्या दराने विकायची असतील तर जरूर पाहावं.

आता हॉस्टेलमधून आणखी बारा मुली विचारत आहेत. दार तेच असल्याने पोचवणीचा प्रश्न नाही. ४४ डबे म्हणजे १७६ पोळ्या, दोन माणसांना दोन तास. पोळ्या सव्वानऊऐवजी पावणेनऊला सुरू करता येतील, पण त्या वेळी तिन्ही बर्नर भाजी, उसळ आणि आमटीला लागलेले असतात. दुसरा तवा ठेवायचा तर चौथा बर्नर लागेल आणि आणखी एक हात. आमटीचा कुकर विजेच्या शेगडीवर हलवून एक बर्नर मोकळा करता येतो का, हे सध्या आठवडाभर रोज लिहून पाहणं चालू आहे. तोवर त्या बारा जणींना पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे, आणि आगाऊ पैसे घेतलेले नाहीत.